हळद, हिरवा चहा आणि कातडीचा कर्करोग

आमच्या गावातले एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला रक्तदाब तपासायला येतात. येताना खिशात वर्तमानपत्राचे एखादे कात्रण असतेच. या वेळच्या कात्रणाचा मथळा होता : वनस्पतींमधील द्रव्यांमुळे त्वचेचा कर्करोग टळू शकतो. ‘‘डॉक्टर, यात आपल्या हळदीचेही नाव आहे बरं का! म्हणजे आपल्या आज्या-पणज्या शहाण्याच होत्या.’’ शहाण्या होत्या यात वाद नाही. पण जन्मभर व्याकरण शिकवलेल्या गुरुजींची नजर ‘टळू शकतो’मधल्या ‘शकतो’वर ठरली नव्हती. आज त्या ‘शकतो’विषयीच लिहितो.

उन्हातल्या अतिनील किरणांमुळे कातडीच्या पेशींमधील जनुकांना इजा होते. शरीर ही इजा रोजच्या रोज दुरुस्त करीत असते. एखादी दुरुस्ती राहून जाते, तशा अनेक चुका वर्षानुवर्षे साठतात आणि एक दिवस एखादी पेशी बेबंद वाढू लागते. गोऱ्या कातडीच्या लोकांत हे फार घडते. ऑस्ट्रेलियात तर हा रोग घरोघरी माहीत आहे. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य भरपूर असल्याने आपल्याकडे प्रमाण बरेच कमी आहे. मुलगी सावळी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

आता हळदीकडे येऊ. हळदीचा पिवळेपणा ज्या द्रव्यामुळे येतो त्याला करक्युमिन म्हणतात. १९८८ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या कातडीवर आधी कर्करोगकारक रसायन एकदा लावायचे आणि मग दुसरे एक चेतवणारे द्रव्य आठवड्यातून दोनदा लावीत राहायचे, म्हणजे काही आठवड्यांत तेथे गाठी उठतात. या दुसऱ्या द्रव्याबरोबर करक्युमिन लावले तर गाठी पुष्कळच कमी उठल्या. पुढे त्याच भागातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना पाण्याऐवजी हिरवा चहा पाजला व अतिनील किरणांखाली ठेवले, तेव्हाही गाठी कमी झाल्या. (चहातले कॅफीन काढून टाकले तर गुण उतरला, ही त्यातली गंमत.) द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेरॅट्रॉलचाही असाच गुण १९९७ साली दिसला. गुरुजींच्या कात्रणाचा पाया हा असा आहे, आणि तो खोटा नाही.

पण ते चेतवणारे द्रव्य कुठून आले, हे कात्रणात नव्हते. ते जमालगोट्याच्या तेलातले आहे! जुन्या लोकांना जमालगोटा जुलाबाचे औषध म्हणून ठाऊक आहे. १९४० च्या दशकापासून प्रयोगशाळांत उंदरांच्या कातडीवर कर्करोग वाढवायला त्याचे तेल वापरत आले आहेत. तेव्हा या प्रयोगात रोग वाढवणारेही झाड आणि अडवणारेही झाडच. ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ हे वाक्य मी दवाखान्यात रोज ऐकतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

याच मालिकेतली बावची घ्या. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा उपाय आपल्याकडे पूर्वापार आहे आणि त्यात तथ्यही आहे. बावचीत सोरॅलेन असते. ते कातडीला उन्हाबाबत हळवी करते आणि त्यामुळे काहींचा रंग परत येतो. त्वचारोगतज्ज्ञ याच जातीचे औषध मोजून देतात व ठरावीक किरण मिनिटे मोजून देतात. परंतु अमेरिकेत सोरायसिससाठी हे उपचार घेतलेल्या रुग्णांवर नजर ठेवली असता त्यांच्यात त्वचेचे कर्करोग अधिक आढळले. पहिला अहवाल १९७९ चा आहे. माझ्याकडे दोन उन्हाळ्यांपूर्वी कॉलेजात जाणारी एक मुलगी आली होती. हनुवटीवरच्या डागाला कुणाच्या सांगण्यावरून बावचीचे तेल लावून ती दुपारी गच्चीवर तासभर बसली होती. लिंबाएवढा फोड आला होता.

एका दुधाळ तणाचा चीक उन्हाने पडलेल्या चट्ट्यांवर लावण्याची जुनी चाल होती. शास्त्रज्ञांनी त्यातले द्रव्य वेगळे करून मलम केले. कर्करोगाच्या आधीची पायरी समजल्या जाणाऱ्या चट्ट्यांवर ते वापरायला २०१२ साली अमेरिकेत व युरोपात परवानगी मिळाली. पुढे पाहणी केली तेव्हा हे मलम लावलेल्या जागी तुलनेच्या औषधापेक्षा कर्करोगच जास्त दिसले. २०२० साली युरोपात ते बाजारातून गेले. सारे शास्त्रशुद्ध करूनही असे होते, मग पुडीत बांधून मिळणाऱ्या चूर्णाविषयी काय बोलावे?

उंदरावरून माणसावर आले की काय घडते, याचा उत्तम नमुना म्हणजे ऑस्ट्रेलियातले नॅम्बोर हे छोटे गाव. तेथील १६२१ रहिवाशांवर १९९२ पासून साडेचार वर्षे प्रयोग झाला. काहींना रोज ऊन अडवणारे मलम लावायला दिले, काहींना गाजर-पपईत असते त्या बीटा-कॅरोटीनची गोळी दिली, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्हीपैकी काही नाही. रोज मलम लावणाऱ्यांत एका जातीचे, म्हणजे स्क्वामस पेशींचे, कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. गोळीचा काही उपयोग झाला नाही. अमेरिकेतही १८०५ जणांना पाच वर्षे ही गोळी देऊन १९९० साली तोच निष्कर्ष निघाला होता. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ती दिली, तर फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. गाजर खा, पपई खा, त्यात वाईट काही नाही. पण गाजर म्हणजे गोळी नव्हे. हळदीचेही तेच. तिच्यात करक्युमिन असते साधारण तीन टक्के आणि पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते.

एक खुलासा करतो, नाहीतर मंडळी उद्याच ते मलम विकत आणतील. उन्हात राबणाऱ्या आपल्या माणसाला कर्करोगासाठी त्या महागड्या ट्यूबची गरज नाही. फेटा, टोपी, डोक्यावरचा पदर, लांब बाह्या पुरे. ज्यांच्या अंगात जन्मतःच रंगद्रव्य नसते त्या मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना उन्हापासून कसोशीने जपावे लागते.

आपल्याकडचा कातडीचा कर्करोग बरेचदा वेगळ्याच वाटेने येतो. भाजल्याचा जुना डाग, वर्षानुवर्षे न भरलेली जखम, सतत घासली जाणारी जागा, अशा ठिकाणी तो उठतो. जुन्या व्रणांवरच्या अशा जखमांचे वर्णन मार्जोलिन नावाच्या फ्रेंच शल्यविशारदाने १८२८ सालीच केले होते. काश्मिरात पोटाशी कांगडी धरल्याने पोटावर, मांडीवर होतो. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्यांतला कर्करोग नोंदवला. आणि २०२४ साली वर्ध्याच्या व बिहारमधल्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या जागी झालेल्या दोन स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यातली एक बाई अनेक वर्षे कमरेला घट्ट लुगडे नेसत होती. नाडी जरा सैल बांधावी, रुंद पट्टीची घ्यावी, कमरेवरची कातडी काळी-पांढरी पडून खवले धरू लागली तर दाखवावे, हे माझ्या आयाबहिणींना सांगणे आहे.

माझीही एक चूक सांगतो. दवाखाना टाकून चार-पाच वर्षे झाली असतील. पोटरीवरच्या भाजल्याच्या जुन्या डागावर जखम झालेला एक मजूर येत असे. मी तीन महिने पट्ट्या बांधल्या, प्रतिजैविके बदलली. तुकडा काढून तपासायला पाठवावा, हे सुचले तेव्हा उशीर झाला होता. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्यानंतर जुन्या डागावरची जखम महिनाभरात भरली नाही तर मी थांबत नाही.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात एक आजी आल्या तेव्हा पट्टी सोडताच माझ्या मनात शंका आली. लहानपणी चुलीत पाय गेलेला, घोट्यावर डाग. त्यावर आठ महिने जखम, कडा उंच, धक्का लागला की रक्त. ‘‘रोज हळद भरतीय की, डॉक्टरसाहेब. वास गेला समदा, बरी व्हतीय,’’ आजी म्हणाल्या. त्या खोटे बोलत नव्हत्या. केरळात त्रिशूरच्या अमला संस्थेतील संशोधकांनी १९८७ साली ६२ रुग्णांच्या उघड्या कर्करोगावर हळदीचा अर्क व मलम लावून पाहिले होते. बहुतेकांचा वास कमी झाला, खाज कमी झाली. गाठ मात्र थोड्यांचीच लहान झाली. आजींच्या घरच्यांना वास गेला म्हणजे जखम सुधारली असे वाटत राहिले आणि आठ महिने गेले.

तुकडा काढला तर रोग पसरतो, असे त्यांच्या मुलाला कुणीतरी सांगितले होते. तसे काही नसते. त्या तुकड्यावरूनच पुढचे सारे ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी झाली, स्क्वामस कर्करोग निघाला. जांघेत गाठी नव्हत्या. जखम भोवतीच्या कातडीसकट काढून मांडीची कातडी तेथे लावली. पाय वाचला. तळपायावर किंवा तळहातावर नवा काळा डाग वाढू लागला, तीळ रंग बदलू लागला किंवा वाहू लागला, तरीही असेच लगेच दाखवावे, पोटीस बांधून वाट पाहू नये.

परवा आजी पाय दाखवायला आल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, जावयाच्या पाठीवर भट्टीत भाजल्याचा डाग आहे, त्याला अलीकडे खाज सुटते, घेऊन येऊ का? आणा म्हटले. सोमवारी येणार आहेत.