परसबागेतली कंदमुळं कशी टिकवायची? तीन कोपऱ्यांचा धडा



मागच्या उन्हाळ्यात माझ्या परसबागेत ७० किलो कांदा निघाला. मी तो काढला, त्याच दिवशी प्लास्टिकच्या गोण्यांत भरला आणि मागच्या खोलीत थप्पी लावली. पोळ्याला गोणी सोडली तर निम्मा कांदा सडून पाणी झालेला. पुढं कांदा महागला आणि मला विकत आणावा लागला. चूक कुठं झाली, ते मी विचारून, वाचून समजून घेतलं. तेच आज सांगते.

थंड मुलखात बर्फ पडतो म्हणून लोक कंदमुळं हिवाळ्यासाठी साठवतात. आपल्या मलकापुरात उलटं आहे. हिवाळ्यात आपले वाफे भरलेले असतात. खरी परीक्षा पुढं, एप्रिल-मेचं ऊन आणि त्यानंतरची पावसाळी ओल. शिवाय प्रत्येक कंदाची गरज वेगळी. म्हणून घरात तीन कोपरे करायचे.

१. ओला कोपरा : गाजर, बीट, मुळा

हे उपटले की सुकायला लागतात. पाला कंदातलं पाणी ओढतो, म्हणून तो लगेच कापा. ठेवण्याआधी धुवू नका, माती नुसती झटका. एका मोठ्या माठात लहान माठ ठेवा, मधल्या जागेत रेती भरा आणि रेती सकाळ-संध्याकाळ ओली करा. वर ओलं गोणपाट झाका. माल जास्त असेल तर विटांचा शीतकक्ष बांधा. विटांच्या दोन भिंती, मध्ये ३ इंच जागा, त्यात रेती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं ही पद्धत दिली आहे. याला वीज लागत नाही. रेतीतलं पाणी उडतं आणि आतला माल गार राहतो. आपली हवा कोरडी, म्हणून इथं हे चांगलं चालतं. पावसाळ्यात मात्र पाणी उडत नाही, तेव्हा याचा भरवसा धरू नका. जागा सावलीची आणि वाऱ्याची हवी.

२. अंधारा कोपरा : रताळी, बटाटे

महाशिवरात्रीसाठी रताळी काढताना कुदळ लागलेली वेगळी करा, ती आधी खा. बाकीची न धुता ५-६ दिवस सावलीत पसरा. साल घट्ट झाली की कोरड्या रेतीत किंवा राखेत ठेवा. फ्रिजमध्ये कच्चं रताळं ठेवू नका, ते आतून कडक होतं. बटाट्याला उजेड लागला की तो हिरवा पडतो. हिरवा बटाटा विषारी असतो, मुलांना देऊ नका. कांदा आणि बटाटा एका टोपल्यात कधीच नको. बटाट्याच्या ओलीनं कांद्याला कोंब येतात.

३. कोरडा, वाऱ्याचा कोपरा : कांदा, लसूण

कांद्याचं निम्मं काम वावरातच होतं.

- लागवडीला ६० दिवस झाले की युरिया बंद. उशिरा दिला तर मान जाड होते आणि कांदा सडतो.
- काढणीआधी १०-१५ दिवस पाणी तोडा.
- निम्म्या माना पडल्या की काढा.
- ३-४ दिवस वावरात असा पसरा, की एका ओळीचा पाला दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. आपल्या उन्हात उघडा कांदा भाजतो.
- एक इंच मान ठेवून पात कापा. मान मुळापासून कापली की तिथूनच सड शिरते.
- मग १०-१२ दिवस सावलीत सुकवा.
- जोड, डेंगळे, जाड मानेचे आणि लागलेले कांदे आधी वापरा. खरिपाचा कांदाही टिकत नाही, तो साठवू नका.

आता जागा. जमिनीपासून दीड फूट उंच मांडव करा. बांबू, तुराट्या, पऱ्हाट्या, जे असेल ते चालतं, फक्त खालून वारा आला पाहिजे. ४ फूट लांब, दीड फूट रुंद मांडवावर एक फूट थर दिला तर साधारण एक क्विंटल बसतो. वरून पावसाचा थेंब नको. दर आठ दिवसांनी हात फिरवा, सडका कांदा लगेच काढा. लसणाच्या पातीच्या जुड्या बांधून आढ्याला टांगा.

बियाणं घेताना राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे ‘भीमा शक्ती’ आणि ‘भीमा किरण’ हे वाण विचारा. रब्बीचे हे वाण टिकायला चांगले आहेत. चार-पाच जणींचा माल एकत्र येत असेल तर कांदाचाळीच्या अनुदानाची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा. बांधकाम सुरू करण्याआधीच विचारा.

गटासाठी गृहपाठ

एकाच वावरातला २० किलो सुकवलेला कांदा घ्या. १० किलो प्लास्टिकच्या गोणीत, १० किलो मांडवावर ठेवा. दर महिन्याच्या बैठकीला दोन्ही मोजा आणि चांगला किती, सडका किती, कोंब आलेला किती, ते गटाच्या वहीत लिहा. वजन थोडं घटणारच, कांद्यातलं पाणी सुकतं. पण पोळ्याला दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. मग कुणाला समजावून सांगायची गरज पडणार नाही.

यंदा माझा कांदा मांडवावर आहे. तुमचा कुठं आहे, ते पुढच्या बैठकीत सांगा.