गाडी नवी, तरी पारख हवी

बैल घ्यायचा असला तर आपण काय करतो? बाजारात जातो. बैलाचे दात पाहतो. खूर पाहतो. खांदा आला आहे का, ते पाहतो. त्याला चार पावले चालवतो. जमले तर जुंपूनही पाहतो. आणि एकटे जात नाही. बैलाची पारख असलेला गावातला जाणता माणूस बरोबर नेतो. हेडी म्हणतो, "बैल सोन्यासारखा आहे, डोळे मिटून घ्या." पण आपण डोळे उघडे ठेवूनच घेतो.

मग मोटारगाडी घेताना डोळे का मिटावेत?

आता गावोगाव मोटारगाड्या आल्या आहेत. नवी परवडत नाही म्हणून पुष्कळ जण वापरलेली गाडी घेतात. त्यात वावगे काही नाही. दहा वर्षांची जुनी गाडी घेताना माणूस सावध असतो. मिस्त्रीला दाखवतो, मगच घेतो. पण गाडी वर्ष-दीड वर्षाचीच असली की वाटते, "नवीच तर आहे! हिच्यात काय तपासायचं?" फसगत होते ती इथेच.

समजा, दोघे भाऊ आहेत. उसाचे बिल आले आहे. थोडे कर्जही मिळणार आहे. सहा लाखांची एक गाडी त्यांनी पाहिली. दीड वर्षाची आहे. १२,००० किलोमीटर चालली आहे. आतून-बाहेरून चकचकीत आहे. धाकटा म्हणतो, "दादा, इसार देऊन टाकू. दुसरं गिऱ्हाईक आलं तर हातची जाईल."

थोरला म्हणतो, "जाऊ दे गेली तर. इतकी नवी गाडी माणूस विकतो कशापायी, ते तरी कळू दे."

थोरल्याचा प्रश्न बरोबर आहे. गाडी जितकी नवी, तितका हा प्रश्न मोठा.

गाडी लवकर का विकतात?

कारणे सरळही असतात. कोणाची बदली होते. कोणाला कर्जाचे हप्ते झेपत नाहीत. कोणाला मोठी गाडी हवी असते. असा माणूस मिळाला तर गाडी चांगलीच मिळते.

पण कधी कारण वेगळे असते. गाडीला अपघात झालेला असतो. ती ठोकून-ठाकून, रंग देऊन उभी केलेली असते. किंवा गाडी पुरात सापडलेली असते.

आपल्याकडचे पूर आठवा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेले. अशा वेळी नव्या-जुन्या पुष्कळ गाड्या बुडतात. पाणी ओसरल्यावर गाडी धुतात, वाळवतात. ती चालूही होते. पण चिखलाचे पाणी तारांच्या जोडांत शिरलेले असते. तिथे हळूहळू गंज धरतो. सहा महिन्यांनी कधी दिवा लागत नाही, कधी गाडी वाटेतच बंद पडते. तोवर विकणारा आपल्या वाटेने गेलेला असतो.

कोणी म्हणेल, "कंपनीची हमी अजून शिल्लक आहे की!" हमी चांगलीच, पण ती कारखान्यात राहिलेल्या दोषासाठी असते. अपघाताने किंवा पुराने झालेले नुकसान त्या हमीत बसत नाही. वेळच्या वेळी सर्व्हिसिंग केलेले नसले, तरीही कंपनी हात वर करू शकते.

तपासणारा आपला हवा

विकणारा म्हणतो, "गाडी तपासलेली आहे. हा पाहा कागद." कागद जरूर पाहावा. पण तपासणाऱ्याला पैसे कोणी दिले, हेही विचारावे. हेडीने आणलेल्या जाणत्याला आपण पारखी मानत नाही. इथेही तसेच आहे. ज्याचा गाडी विकली जाण्यात फायदा आहे, त्याची तपासणी ही आपली तपासणी नव्हे.

आपला मिस्त्री आपण निवडावा. त्याच कंपनीच्या गाड्या नेहमी दुरुस्त करणारा असला तर उत्तम. त्याची मजुरी आपण द्यावी. विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री घेऊ नये.

आपल्याला काय दिसते?

मिस्त्रीकडे नेण्याआधी काही गोष्टी आपणही पाहाव्यात. गाडी दिवसाच्या उजेडात पाहावी.

१. दारे आणि बॉनेट यांच्या कडेच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल तर ठोकपीट झाली असावी.

२. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग उडालेला आहे का? उडाला असेल तर ते कोणीतरी खोलले आहेत.

३. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढावा. त्याच्या शेवटच्या टोकाला चिखलाचा डाग असला, तर गाडी पाण्यात गेली असावी. पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. डिकीत स्टेपनीची जागाही पाहावी.

४. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १२२४ म्हणजे २०२४ सालचा बारावा आठवडा. बारा हजार किलोमीटरमध्ये चांगले टायर संपत नाहीत. गाडीपेक्षा टायर नवे निघाले, तर का बदलले ते विचारावे. किलोमीटरचा आकडा मागे फिरवला आहे की काय, अशी शंका घ्यावी.

मिस्त्रीला काय दिसते?

मिस्त्री गाडी वर उचलून खालून पाहतो. सांगाड्याला वाकण किंवा नवे वेल्डिंग आहे का, ते त्याला कळते. तेलाचा रंग पाहून तेलात पाणी शिरले आहे का, ते तो सांगतो. एअरबॅगचा दिवा तो पाहतो. किल्ली फिरवली की हा दिवा लागावा आणि थोड्या वेळाने विझावा. लागलाच नाही, किंवा लागून राहिला, तर काहीतरी बिघडले आहे. आजच्या गाड्यांना संगणक असतो. स्टिअरिंगखालच्या खाचेला यंत्र जोडले की गाडीत नोंदलेले बिघाड कळतात. शेवटी तो गाडी चालवून ब्रेक, गिअर आणि स्टिअरिंग पाहतो.

तरी मिस्त्री म्हणजे देव नव्हे. काही दोष त्यालाही दिसणार नाहीत. पण मोठे दोष सहसा त्याच्या नजरेतून सुटत नाहीत.

खर्च परवडतो का?

आता दोघा भावांचा हिशेब करू. समजा, तपासणीला २,५०० रुपये लागले. सहा लाखांच्या गाडीत हे शंभर रुपयांमागे ४२ पैसे झाले.

गाडी चांगली निघाली तर २,५०० रुपये वाया गेले का? नाही. रात्री सुखाची झोप लागेल, ती त्याच पैशांची. लहान दोष निघाला तर तो दाखवून किंमत कमी करून घेता येईल. मोठा दोष निघाला तर उसाचे पैसे वाचले आणि कर्जाचा फासही टळला. तिन्ही वेळा तपासणी उपयोगीच पडली.

मग तपासणी कधीच टाळू नये का? गाडी सख्ख्या शेजाऱ्याची असेल, पहिल्या दिवसापासून आपल्या डोळ्यांसमोर असेल, सर्व्हिसिंगची सगळी बिले हातात असतील, तर लहान तपासणीवर भागेल. पण अनोळखी माणसाची, शहरातून आणलेली किंवा व्यापाऱ्याकडची गाडी असेल, तर पूर्ण तपासणी करावी, असे आमचे सांगणे आहे.

विकणारा तपासणीला नाही म्हणाला तर? कारण काहीही सांगो, आपण नमस्कार करून निघावे. आणि एक लक्षात ठेवावे : आधी तपासणी, मग इसार. हा क्रम उलटा करू नये.

कागदही पाहा

जमीन घेताना आपण सातबारावर बोजा आहे का ते पाहतो. गाडीच्या नोंदणीपत्रावरही कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. चासी आणि इंजिनचे नंबर कागदाशी जुळवून पाहावेत. विम्याचा कागद वाचावा. पहिल्या वर्षी विम्याचा दावा केला नसेल, तर पुढच्या विम्यात सहसा २० टक्के 'नो क्लेम बोनस' दिसतो. तो नसेल तर कारण विचारावे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी विकल्याचे विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदलेली असेल तर मुदत वेगळी असते. घेणाऱ्यानेही ३० दिवसांत कळवायचे असते. गाडी आपल्या नावावर होईपर्यंत काम पुरे झाले असे समजू नये.

दिसते तसे नसते, हे आपल्याला ठाऊक आहे. पैसा घामाचा आहे. तो देण्याआधी एक दिवस थांबलो, तर काही बिघडत नाही.

सांगा पाहू

१. नवी दिसणारी गाडी का तपासावी?
२. तपासणारा मिस्त्री कोणी निवडावा? का?
३. आपल्या घरच्या ट्रॅक्टरचे टायर पाहा. टायर कोणत्या सालचा आहे, ते वाचून दाखवा.
४. इसार आधी की तपासणी आधी? घरी यावर बोला.