अनुदान मिळते, मग देणगी कशासाठी? : मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती सेवांच्या अर्थव्यवस्थेचा एक अभ्यास



"मानसिक आजार आणि व्यसनमुक्ती यांसाठी सरकार अनुदान देते, मग आमच्या देणगीची आवश्यकता काय?" असा प्रश्न आम्हांस अनेकदा विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. ज्यांनी आपल्या कमाईतील वाटा संस्थेच्या हाती दिला आहे, त्यांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येते. अनुदान हा या सेवांचा पाया आहे. परंतु ते ठरलेल्या बाबींसाठी आणि शासनाच्या क्रमाने येते, आणि आजार त्या क्रमाची वाट पाहत नाही. या दोहोंमधील अंतर भरून काढणे हे देणगीचे कार्य होय. हे उत्तर केवळ विश्वासावर न स्वीकारता आपण हिशेबाने पडताळून पाहावे, यासाठी हा लेख.

गरज किती?

बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्राचा समावेश नव्हता, तथापि त्याचे निष्कर्ष आपणांसही विचार करावयास लावणारे आहेत. प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता. निरनिराळ्या विकारांत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. मद्यपानाशी निगडित विकारांत ते ८६.३ टक्के होते.

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने तयार केलेला व्यसनांविषयीचा राष्ट्रीय अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करीत होते आणि ५.७ कोटी लोकांना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही उपचार मिळाल्याचे दिसले.

याचे एक मोठे कारण अंतर हे आहे. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये दीर्घकाळ कार्यरत आहेत. दूरच्या तालुक्यातील कुटुंबास तेथवर जाणे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडणे, एस.टी.चे भाडे आणि गावात होणारी चर्चा. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. जवळपास उपचार नसले की असहाय कुटुंबे आपल्या माणसास कोठे नेऊन ठेवतात, हे त्या घटनेने देशास दाखविले. घराजवळ मिळणारी सेवा, म्हणजेच सामुदायिक सेवा, ही या प्रश्नाची मूळ मागणी आहे.

शासकीय निधीचे दोन प्रवाह

या क्षेत्रातील शासकीय निधी मुख्यत्वे दोन मार्गांनी येतो.

पहिला मार्ग आरोग्य खात्याचा. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ पासून 'निम्हान्स'ने एक प्रयोग केला : प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, मोजकी आवश्यक औषधे आणि सोप्या नोंदी. त्याच धर्तीवर १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम प्रथम चार जिल्ह्यांत सुरू झाला व पुढे देशभर विस्तारला. त्याचा निधी राष्ट्रीय आरोग्य अभियानामार्फत, बहुतेक राज्यांत केंद्र ६० व राज्य ४० या प्रमाणात येतो आणि प्रामुख्याने शासकीय रुग्णालयांतून खर्च होतो.

दुसरा मार्ग सामाजिक न्याय खात्याचा. स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्ती केंद्रे चालविण्यासाठी अर्थसाहाय्य देण्याची केंद्राची योजना १९८५-८६ पासूनची आहे. तिच्या पूर्वीच्या नियमांत मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळे व उर्वरित भार संस्थेने उचलावयाचा असे. पुढे ही योजना २०१८ साली आखलेल्या अमली पदार्थ मागणी-घट राष्ट्रीय कृती आराखड्यात समाविष्ट झाली. १५ ऑगस्ट २०२० रोजी २७२ जिल्ह्यांत 'नशामुक्त भारत अभियान' सुरू झाले.

रुग्ण एक, खाती दोन

पैसा दोन मार्गांनी येत असला तरी रुग्ण एकच असतो, ही या व्यवस्थेतील पहिली अडचण आहे. दारू सोडविण्यासाठी आणलेल्या गृहस्थास मूळचे नैराश्य असते. स्किझोफ्रेनिया असलेला तरुण गांजाच्याही आहारी गेलेला असतो. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने हे ओळखले आहे. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला आहे. कलम १८ अन्वये शासनाच्या वा शासन-अनुदानित सेवांतून उपचार मिळण्याचा, तर कलम १९ अन्वये समाजात राहण्याचा अधिकार दिला आहे. कायद्याच्या दृष्टीने आजार एक आहे. अर्थसंकल्पात मात्र त्याची दोन शीर्षे आहेत. व्यसनमुक्तीसाठी मंजूर झालेल्या पैशातून अन्य मानसिक रुग्णाची औषधे घेता येत नाहीत. हे अंतर संस्थेने आपल्या अन्य निधीतूनच भरून काढावयाचे असते.

नियम कठोर आहेत आणि ते योग्य आहेत

अनुदान हे संस्थेचे उत्पन्न नव्हे. ते विशिष्ट कार्यासाठी सोपविलेले जनतेचे द्रव्य आहे. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ नुसार अनुदान मंजूर कारणासाठीच खर्च करावे लागते. त्यावर मिळालेले व्याज शासनाकडे जमा करावे लागते. अनुदानातून घेतलेली मालमत्ता पूर्वसंमतीशिवाय विकता येत नाही. विहित नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र सादर करावे लागते व हिशेब तपासणीसाठी खुले ठेवावे लागतात. आधीच्या रकमेचा हिशेब मान्य झाल्यावरच पुढील रक्कम मोकळी होते.

या नियमांविषयी आमची तक्रार नाही. परंतु प्रस्ताव, तपासणी, शिफारस, मंजुरी आदेश आणि प्रत्यक्ष रक्कम या पायऱ्यांना वेळ लागतो, हे वास्तव आहे. या काळात केंद्राचे दार उघडे ठेवावेच लागते.

हिशेबाचे एक उदाहरण

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, पंधरा खाटांच्या व्यसनमुक्ती केंद्राचा खर्च दरमहा ३ लाख रुपये, म्हणजे वर्षास ३६ लाख रुपये आहे. मंजूर अनुदान २७ लाख रुपये असून ते समान दोन हप्त्यांत येते : पहिले १३.५ लाख ऑगस्टमध्ये व दुसरे १३.५ लाख मार्चमध्ये.

वर्षअखेरच्या जमाखर्चात ९ लाखांची तूट दिसेल. ताळेबंद वाचणारा म्हणेल की, संस्थेस ९ लाखांच्या देणग्या पुरेशा आहेत. आता महिन्यांचा हिशेब पाहू. जुलैअखेर १२ लाख खर्च होतील आणि जमा शून्य असेल. फेब्रुवारीअखेर ३३ लाख खर्च झालेले असतील व हाती आलेले असतील केवळ १३.५ लाख. म्हणजे त्या दिवशी संस्थेने आपल्या पदरचे १९.५ लाख घातलेले असतील.

तूट ९ लाखांची, पण गरज १९.५ लाखांची! मधले १०.५ लाख दुसरा हप्ता आल्यावर, खर्च मंजूर कालावधीतील व मंजूर बाबींवरील असल्यास, संस्थेकडे परत येतात. ते कोणी कायमचे खर्च करावयाचे नसतात. वेळेवर हाती असावयाचे असतात. हा फरक ध्यानात आला म्हणजे देणगीचे दोन प्रकार स्पष्ट होतात. एक, दरवर्षीची तूट भरून काढणारी देणगी. दोन, एकदा दिलेला आणि प्रतिवर्षी फिरून परत येणारा निधी.

खंड पडल्यास काय होते?

इमारतीचे बांधकाम तीन महिने थांबले तर ते तीन महिने उशिरा पूर्ण होते. मानसिक उपचारांचे तसे नाही. काही रुग्णांना दर पंधरा दिवसांनी वा महिन्याने इंजेक्शन द्यावे लागते. ते चुकले तर आजार पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. दीर्घकाळ व अतिप्रमाणात मद्य घेणाऱ्याने ते देखरेखीविना एकाएकी थांबविल्यास झटके येऊ शकतात, भ्रमावस्था येऊ शकते, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. "उद्यापासून दारू सोडतो" असे म्हणून आलेल्या माणसास "अनुदान आले की या" असे सांगता येत नाही. तो निश्चय पुन्हा कधी होईल, याची शाश्वती कोणीच देऊ शकत नाही.

याहून न दिसणारी हानी मनुष्यबळाची आहे. वेतन लांबले की समुपदेशक अन्यत्र जातो. त्याच्या जागी दुसरा नेमता येतो. परंतु रुग्णाने आणि त्याच्या पत्नीने पहिल्याजवळ जे मन मोकळे केले होते, ते नव्याजवळ आरंभापासून करावे लागते. या उपचारांत विश्वास हेही औषधच आहे, आणि ते भांडारात साठवून ठेवता येत नाही.

दोन मार्गदर्शक उदाहरणे

लोकांचा पैसा आणि शासनाचा आधार एकत्र आल्यास काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांच्या पुढाकाराने, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीच्या बळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' उभे राहिले. आवार शासनाचे, आरंभीचे द्रव्य एका लेखकाच्या घरातले आणि श्रम कार्यकर्त्यांचे! पुढे याच संस्थेने इतर व्यसनमुक्ती केंद्रांच्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देण्याचे कार्यही केले.

दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील. तेथील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने राबविण्यात आला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते, समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मूल्यमापनात, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. सेवा घराजवळ आली की माणसे मदत मागतात, असा त्याचा बोध आहे. नवा मार्ग चोखाळून पाहण्याचे काम धर्मादाय निधी करू शकतो. तो सर्वदूर नेण्याची ताकद शासनाची.

देणगी कोठे उपयोगी पडते?

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात व १० टक्के खाटा निर्धन, १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी राखतात. हा निधी रुग्णालयातील उपचारखर्चासाठी आहे. घरी परतलेल्या रुग्णाची विचारपूस करण्यास गावी जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या प्रवासाची तरतूद त्यात नसते. यास्तव आमची विनंती तीन प्रकारची आहे.

१. फिरता निधी : अनुदानाचा हप्ता येईपर्यंत वेतन व औषधे यांत खंड पडू नये, यासाठी. हा निधी स्वतंत्र बँक खात्यात असावा व त्याची आवक-जावक दरवर्षी अहवालात छापली जावी, असे आमचे मत आहे.

२. पाठपुरावा निधी : गृहभेटी, नातेवाईकांच्या सभा व उपचार सोडून गेलेल्यांचा शोध यांसाठी.

३. अटीविना देणगी : दोन शीर्षांच्या मध्ये अडकलेल्या रुग्णासाठी. अशी देणगी रकमेने लहान असली तरी उपयोगाने मोठी ठरते.

रुग्णांच्या नातेवाइकांनी हे दोन क्रमांक जवळ ठेवावेत : १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली 'टेलि-मानस' सेवा १४४१६, आणि व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नये, ही आग्रहाची विनंती.

अनुदान हे नागरिकांनी कररूपाने दिलेले द्रव्य आहे आणि देणगी स्वेच्छेने दिलेले. देणारा समाज एकच आहे. पहिल्याने केंद्र उभे राहते. दुसऱ्याने ते एप्रिलपासून मार्चपर्यंत, एकही दिवस बंद न ठेवता चालते.