गळती बुजवण्याआधी

वाफेवर चालणारं साफसफाईचं यंत्र गळू लागलं की घरात सगळे एकच विचारतात, हे बंद कसं करायचं? मी आधी विचारते, गळतंय कुठून? नळीच्या सांध्यातून ठिबकणारं पाणी दुरुस्त करायचं असतं. झाकणातल्या झडपेतून फुसफुसणारी वाफ मात्र बहुतेक वेळा यंत्राला आणि आपल्याला वाचवत असते.

हैदराबादेत गौलीगुड्यातल्या आमच्या घरी असंच झालं. झाकणापाशी वाफ सुटायला लागली, मग यंत्र बंदच पडलं. जाऊबाईंनी ते एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. परत आलं तेव्हा गळती पार थांबली होती, यंत्र जोरात चालतही होतं. चार दिवसांनी ओट्यामागच्या टाइल्स पुसताना वाफ सोडायच्या पिस्तुलाजवळ नळी निसटली आणि वाफेचा झोत त्यांच्या मनगटावर आला.

यंत्र गार झाल्यावर मी ते उघडलं. झडपेची स्प्रिंग पूर्ण आवळलेली, वरून लांबी भरलेली. थर्मल फ्यूज काढून त्या जागी तांब्याची तार. मूळ दोष होता थर्मोस्टॅटचा. त्याचे संपर्क चिकटले होते, त्यामुळे हीटर बंदच होत नव्हता. दाब वाढला म्हणून झडप उघडली, तापमान चढलं म्हणून फ्यूज उडाला. दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. त्या माणसाने नेमके तेच दोघे काढून टाकले, आणि उरला तो दोष. याचा मला आजही राग येतो.

कुकरमध्ये वाफ साधारण 120 अंशांवर असते, अशा यंत्रात 4 बार दाबाला ती 150 अंशांच्या आसपास जाते. एक लिटर पाण्याची मोकळी वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा व्यापते. आपल्याकडे बॉयलरसाठी 1923 पासून कायदा आहे, पण 25 लिटरहून लहान भांडी त्यात येत नाहीत. म्हणजे घरातल्या या बॉयलरची तपासणी करायला कुणी निरीक्षक येणार नाही. ती आपणच करायची.

आधी प्लग काढा, यंत्र काही तास गार होऊ द्या, पिस्तूल दाबून उरलासुरला दाब सोडा, मगच झाकणाला हात लावा. झाकणाचा वॉशर कडक झाला असेल किंवा चिरला असेल तर बदला. साधा काळा नायट्राइल वॉशर या वाफेत टिकत नाही, ईपीडीएम रबराचाच मागा. जुना वॉशर सोबत घेऊन राणीगंजला गेलात तर मापाची चूक होत नाही. टेफ्लॉन टेप फक्त आट्यांवर गुंडाळायची, वॉशरखाली नाही. थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज यांवर अंश आणि अँपिअर छापलेले असतात. ट्रूप बाजारातून आणताना तेच आकडे जुळवा. थर्मल फ्यूज डाग देऊन जोडू नका, त्या उष्णतेनेच तो उडतो. दाबून बसवायचे जोड वापरा. पंधराशे वॉटचं यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं, म्हणून ते 16 अँपिअरच्या सॉकेटवरच लावा. झाकण पुन्हा लावण्याआधी मल्टिमीटरने प्लगची अर्थची पिन आणि बॉयलरचं धातूचं अंग जोडलेलं आहे ना, हे पाहा.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बोअरचं वापरलं जातं, आणि ते जड. त्याचा पांढरा थर झडपेतही साचतो. यंत्राच्या पुस्तिकेत मनाई नसेल तर कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून अर्धा तास आत ठेवा, यंत्र चालू न करता, आणि मग तीनचारदा धुऊन काढा. पुढे गाळलेलं आरओचं पाणी घाला.

वाफेने भाजलं तर लगेच बांगड्या, अंगठ्या काढा आणि वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. फोड मोठे असतील तर डॉक्टरकडे जा.

बॉयलरची टाकीच चिरली असेल किंवा तिची शिवण गळत असेल तर घरी किंवा दुकानात, कुठेच ती जोडून घेऊ नका. यंत्र भंगारात द्या, आणि देण्याआधी त्याची वायर कापून टाका, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात चालू होणार नाही.