ढोल-ताशा पथकातली मुलं आणि परवाना

प्रश्न : लेस्टरमधल्या आमच्या पथकात आठ ते चौदा वर्षांची मुलं आहेत. गणेशोत्सवाच्या तिकीट असलेल्या कार्यक्रमात ती वाजवणार आहेत. कुणालाही मानधन नाही. तरी परवाना लागेल का?

उत्तर : मानधन नसलं तरी लागू शकतो. इंग्लंडमध्ये 1963चा बालक आणि तरुण व्यक्ती कायदा आणि 2014चे नियम पाहतात ते प्रेक्षकांकडून पैसे घेता का, हे. तुमच्याकडे तिकीट आहे, म्हणजे नियम लागू.

सवलत मात्र आहे. गेल्या सहा महिन्यांत मूल तीनपेक्षा जास्त दिवस अशा कार्यक्रमांत उतरलेलं नसेल, शाळा बुडत नसेल आणि पैसे मिळत नसतील, तर परवान्याशिवाय चालतं. दिवस मोजताना नृत्यवर्गाचे, इतर मंडळांचे कार्यक्रमही धरा. पालक हेच विसरतात.

वर्षभर कार्यक्रम करणार असाल, तर प्रत्येक मुलाचा वेगळा परवाना काढत बसू नका. स्थानिक कौन्सिलकडे संपूर्ण पथकासाठी मान्यता मागा. मानधन नसलेल्या गटांना ती मिळू शकते. वैयक्तिक परवान्याचा अर्ज मूल राहतं त्या कौन्सिलकडे, किमान 21 दिवस आधी.

परवाना असलेल्या कार्यक्रमात आई-बाबा स्वतःच्या मुलाला सांभाळू शकतात, दुसऱ्याच्या नाही. त्यासाठी कौन्सिलमान्य शॅपरोन हवा, जास्तीत जास्त 12 मुलांमागे एक. त्याच्या हाती ढोल देऊ नका. त्याचं लक्ष फक्त मुलांवर हवं. आणि परवाना लागो न लागो, सरावाच्या जागी मुलांनी तक्रार कुणाकडे करायची, ते नाव त्यांना आजच सांगून ठेवा.