संगणक-आज्ञावलीची निर्मिती आणि चपळ कार्यपद्धती

एखाद्या खात्यासाठी संगणक-प्रणाली तयार करावयाची झाल्यास पूर्वी बहुधा एकच क्रम पाळला जात असे : प्रथम गरजांची संपूर्ण यादी, मग आराखडा, त्यानंतर आज्ञावलीचे लेखन आणि सरतेशेवटी चाचणी. हा क्रम दिसावयास शिस्तबद्ध; परंतु ज्यांना प्रणाली वापरावयाची, त्यांच्यापुढे ती अगदी अखेरीस येते. मूळ यादीतील चूक उघडकीस येईपर्यंत पैसा आणि काळ दोन्ही खर्ची पडलेले असतात.

अमेरिकेतील एफ.बी.आय. या तपासयंत्रणेचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. तपासाची कागदपत्रे संगणकावर आणण्याची तिची पहिली योजना सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ साली सोडून द्यावी लागली. २००६ साली ‘सेंटिनेल’ ही नवी योजना चार टप्प्यांत हाती घेण्यात आली. २०१० च्या ऑगस्टपर्यंत मंजूर ४५.१ कोटी डॉलरपैकी सुमारे ४०.५ कोटी खर्च झाले. पदरात मात्र दोनच टप्पे पडले.

सप्टेंबर २०१० मध्ये या यंत्रणेने कामाची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि ‘अजाईल’, म्हणजे चपळ, कार्यपद्धतीचा अवलंब करण्याचे ठरविले. या पद्धतीचा जाहीरनामा १७ तज्ज्ञांनी २००१ साली युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सिद्ध केला होता.

या पद्धतीत गरजा लहान लहान वाक्यांत, वापरणाऱ्याच्या दृष्टीने मांडल्या जातात. सेंटिनेलसाठी अशा सुमारे ६७० गरजा नोंदविण्यात आल्या. त्यांचा अग्रक्रम ठरवून दोन-दोन आठवड्यांच्या कालखंडांत काम वाटून दिले जाते. प्रत्येक कालखंडाच्या अखेरीस तयार झालेला भाग चालवून दाखवावयाचा, वापरणाऱ्यांचे अभिप्राय घ्यावयाचे आणि त्यानुसार पुढील काम आखावयाचे, असा हा परिपाठ होय.

याचा अर्थ अडचणी येतच नाहीत, असा नव्हे. ऑक्टोबर २०११ मधील मोठ्या चाचणीत यंत्रसामग्री अपुरी असल्याचे आढळले व मुदत लांबली. तथापि हा दोष प्रणाली सर्वांच्या हाती पडण्यापूर्वीच लक्षात आला. पुढे जुलै २०१२ मध्ये सेंटिनेल सर्व कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली.

चपळता म्हणजे नियोजनाचा अभाव नव्हे. उलट येथे नियोजन वारंवार करावे लागते. खात्याचे काम जाणणारा आणि निर्णयाचा अधिकार असलेला अधिकारी या कामासाठी नियमितपणे उपलब्ध असणे अगत्याचे असते. तो नसेल, तर दोन आठवड्यांची बैठक हा निव्वळ उपचार ठरतो. चूक कोणत्याही पद्धतीत होणारच. ती लहान असतानाच दिसावी आणि सार्वजनिक पैसा वाचावा, हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे.