पूर ओसरल्यावर : घाई कशाची आणि धीर कशाचा

नदीकांठच्या शेतकऱ्यास पूर हा नवा नाहीं. थोडें पाणी चढावें, मळीचा थर टाकून उतरावें आणि त्या जमिनींत रब्बीचें पीक जोमानें यावें, हा कृष्णाकांठचा पिढ्यानपिढ्यांचा अनुभव होय. परंतु महापुराची गोष्ट निराळी. सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा, वारणा व पंचगंगा या नद्यांस जो पूर आला, त्यांत सांगलीस आयर्विन पुलापाशीं पाणी ५७ फुटांवर गेलें. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शिरोळ, पलूस, मिरज इत्यादि तालुक्यांतील कित्येक गांवें दिवसेंदिवस पाण्यांत राहिलीं. आणि संसार कसेबसे सांवरतात न सांवरतात तोंच सन २०२१ च्या जुलैंत पुन्हां महापूर आला.

अशा प्रसंगीं नुकसान दोन प्रकारचें होतें. एक पाण्यानें केलेलें. त्यास मागाहून उपाय नाहीं. दुसरें, पाणी ओसरल्यावर आपण कामाचा क्रम चुकविल्यामुळें होणारें. तें मात्र पुष्कळ अंशीं टाळतां येतें. सबब या क्रमाचाच येथें विचार करूं.

१. घाईचीं कामें

पहिली काळजी जिवाची. मातीच्या भिंती पाणी उतरल्यावरहि ढांसळतात. म्हणून बाहेरून पाहणी केल्यावांचून घरांत शिरूं नये. विहीर उपसून, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मापानें तींत ब्लीचिंग पावडर टाकावी. तोंपर्यंत पाणी उकळूनच प्यावें. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या चिखलापाण्यांतून लेप्टोचा ताप जडतो. यास्तव अनवाणी काम करूं नये, जखम झांकावी व ताप आल्यास आपण पुराच्या पाण्यांत वावरल्याचें डॉक्टरांस आवर्जून सांगावें.

दुसरी काळजी जनावरांची. बुरशी आलेला कडबा त्यांस घालूं नये. घटसर्प व फऱ्या यांची लस टोंचलेली नसल्यास पशुवैद्यास ताबडतोब बोलवावें.

तिसरें काम कागदाचें. पडकें घर व गेलेलें पीक साफ करण्यापूर्वींच त्यांचीं छायाचित्रें घ्यावीं आणि पंचनाम्याच्या वेळीं स्वतः हजर राहावें. पिकाच्या मदतीसाठीं नुकसान ३३ टक्के किंवा अधिक ठरावें लागतें. तेव्हां सातबाऱ्यावरील पिकाची नोंद बरोबर आहे कीं नाहीं, हें तेव्हांच पाहावें. सोसायटीच्या पीककर्जाच्या पुनर्गठनाची चौकशीहि याच वेळीं करावी.

२. धीराचीं कामें : जमीन

शेतांतील सांचलेलें पाणी काढण्याची घाई अवश्य करावी. परंतु नांगर किंवा ट्रॅक्टर घालण्याची करूं नये. कृष्णाकांठची भारी काळी जमीन ओली असतांना तुडविली गेली, कीं तिचे कण दाबले जाऊन खालीं कठीण थर बसतो, वर न फुटणारीं ढेंकळें होतात आणि मुळांस हवा मिळेनाशी होते. एका दिवसाच्या उतावळेपणाचें फळ मग पुढील हंगामांस भोगावें लागतें. चार बोटें खालची माती मुठींत दाबून गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून सोडावा. तो फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन बसला तर अजून थांबावें.

मळीचा पातळ थर वाफशावर मातींत मिसळावा. वाळूचा जाड थर मात्र नांगरून आंत घालूं नये; तो बांधाबाहेर काढावा. पाणी बरेच दिवस उभें राहिलेल्या जमिनीची माती तपासून घ्यावी, कारण शिरोळ व मिरज भागांत क्षारपड जमिनींचा त्रास आधींचाच आहे. तपासणीखेरीज जिप्समवर पैसा घालूं नये.

३. ऊस

वरून हिरवा दिसला म्हणून ऊस वांचला असें नव्हे, आणि पाला करपला म्हणून तो मेला असेंहि नव्हे. निरनिराळ्या जागचे दहावीस शेंडे उभे चिरून पाहावे. वाढीचा कोंब पांढरा व घट्ट असेल तर ऊस सांवरेल. वाफसा येतांच नत्राचा हप्ता थोडथोडा द्यावा. कोंब तपकिरी होऊन कुजला असेल तर वाढ थांबली असें समजावें. असा मोठा ऊस उभा ठेवल्यास डोळ्यांतून पांगशा फुटतात व साखर घटते. तो कारखान्याकडे आधीं जावा, अशी खटपट गांवानें मिळून करावी. कोंवळ्या लागणीचा शेंडा गेला पण बुंधा जिवंत असला, तर जमिनीलगत कापून फुटवे येऊं द्यावे. बुडालेल्या उसाचें बेणें घेऊं नये.

अगदींच गेलेल्या आडसाली उसाच्या जागीं लगेच ऊसच लावावा असें नाहीं. हरभरा किंवा शाळू घेतल्यास घरांत धान्य, गोठ्यांत वैरण व हातांत थोडा पैसा चार महिन्यांत येतो, आणि सुरू हंगामाची लागण त्यानंतरहि साधतां येते.

४. गोठा विकूं नये

याच ठिकाणीं कुटुंबें घसरतात. पहिल्या आठवड्यांत वैरण नसते व पैसा तर हवाच असतो. म्हणून दुभती म्हैस पडेल त्या भावानें विकली जाते. पण उसाचा पैसा येण्यास वर्षदीड वर्ष लागावयाचें. तोंवर रोजचा मीठमिरचीचा खर्च दुधावरच चालत असतो. तें गेलें कीं सावकाराचें दार आलेंच. ज्या गांवीं वरच्या रानांतील शेतकऱ्यांनीं खालच्या रानांतील जनावरें दोन महिने आपल्या गोठ्यांत बांधून घेतलीं, त्या गांवानें मोठ्या देणगीपेक्षां मोठें काम केलें असें आम्ही समजूं.

५. एकट्याचें काम नव्हे

पाण्याच्या निचऱ्याचीहि हीच गोष्ट. एकानें आपल्या बांधावर चर खणिला तर त्याचें पाणी शेजाऱ्याच्या उसांत जातें व भांडण उभें राहतें. चर नेहमीं खालच्या तोंडाकडून खणीत वर यावें; त्यासाठीं आधीं ओढा मोकळा पाहिजे. ओढ्यांत ज्यांनीं चार चार सऱ्या पुढें सरकविल्या आहेत, त्यांनीं त्या आपण होऊन सोडाव्या. हें बोलणें कडू आहे, पण पुरानें तें आपल्यास दोनदां सांगितलें आहे.

इर्जिक, सावड, पैरा हीं नांवें आपण विसरलों नाहीं. त्यांचा उपयोग करण्याची हीच वेळ. पाळी लावतांना ज्या घरीं नुकसान फार व माणसें थोडीं, तें घर पहिलें धरावें. शेतमजुरास सातबारा नाहीं, म्हणून त्याची बुडालेली मजुरी पिकाच्या पंचनाम्यांत येत नाहीं. बांध घालणें, गाळ काढणें हीं कामें यंत्रास देण्यापूर्वीं त्यास विचारावें. तो पोट भरण्यास परगांवीं गेला, तर पुढच्या भांगलणीस आपल्या शेतांत कोण येणार?

घर पुन्हां बांधतांनाहि हाच धीर ठेवावा. पाणी कोठवर चढलें त्याची खूण भिंतीवर करून ठेवावी, पूररेषा पाहावी आणि उंचावर जागा मिळत असल्यास जुन्या जोत्याचा मोह सोडावा. पाणी उतरण्यास आठवडा लागला. संसार उभा राहण्यास दोनतीन हंगाम लागतील. तेवढा काळ जमीन, जनावर व शेजारी हीं तिन्हीं ज्यानें राखलीं, त्याचें पुष्कळसें गेलेलें परत येईल.